रिकाम्या टाकीतलं गाणं

३ मार्च, सोमवार

आज बदलीचा हुकूम हातात पडला. चोवीस वर्षं बांधकाम खात्यात मोजमाप कारकून म्हणून काढली. गटारं, पूल, पाण्याच्या टाक्या, सगळं माझ्या फितीखालून गेलं. उद्यापासून मी ‘कलावंत रोजगार शाखे’चा प्रमुख. ही शाखा गेल्या आठवड्यापर्यंत नव्हती. नव्या सरकारने रोजगार कायदा केला, त्याच्या सातव्या कलमातून ती निघाली: ज्याला जे काम येतं, ते त्याला सरकारने द्यावं. कारखाने बंद पडून दीड वर्ष झालं, निम्मं शहर रोजगार कचेरीपुढे रांगेत उभं असतं. त्या रांगेत गाणारे-वाजवणारेही निघणार, हे कायदा लिहिणाऱ्यांच्या बहुधा ध्यानात आलं नसावं.

उपसचिवांनी स्वतः बोलावून घेतलं आणि बसायला खुर्ची दिली. खुर्ची मिळण्याची ही पहिलीच वेळ. म्हणाले, “या जागेवर तुमच्यासारखा काटेकोर माणूसच हवा. एकही चुकीचा अर्ज पुढे जाता कामा नये. घाई करू नका. तीन महिन्यांनी समिती आढावा घ्यायला येईल, तोवर नीट विचार करा.” मी प्रामाणिकपणे सांगितलं की मला गाण्या-बजावण्यातलं ओ की ठो कळत नाही. “म्हणूनच,” ते म्हणाले आणि हसले.

एवढा विश्वास माझ्यावर कोणी टाकला नव्हता. घरी हिला सांगितलं. ही ताट वाढता वाढता थांबली आणि एवढंच विचारलं, “हसून म्हणाले?”

मी हो म्हटलं. तिचा भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा, खिडकीशी बसला होता. कापड कारखान्यात मागांची दुरुस्ती बघायचा. कारखान्याला टाळं लागल्यापासून आमच्याकडे आहे. चार महिन्यांत त्याच्या तोंडून चार वाक्यं ऐकली असतील. त्यानेही मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

४ मार्च, मंगळवार

कचेरी म्हणजे जिन्याखालची खोली. टेबल एक, खुर्ची एक. वरून कोणी उतरलं की डोक्यावर धाडधाड होतं. अर्जदार उभे आणि मी बसलेला, हे मला जमेना. दिवसभर उभ्यानेच काम केलं. पाय भरून आलेत.

११ मार्च, मंगळवार

आठवड्यात त्रेसष्ट अर्ज आले. नऊ रकान्यांचा नमुना मीच बनवला, टापटीप झाला आहे. त्रेसष्टांपैकी अठ्ठावन्न नामंजूर केले. पाच ठेवले, ते नाटकाचे देखावे उभारणाऱ्या सुतारांचे, कारण सुतारकाम मोजता येतं.

अडचण खरी आहे. रस्ता केला की रस्ता उरतो, फीत लावली की लांबी कळते. वाजवून झाल्यावर काय उरतं? मोजणीपुस्तकात काय लिहायचं? एका बासरीवाल्याला हे विचारलं तर तो म्हणाला, “ऐकणारा उरतो.” हे उत्तर कोणत्याच रकान्यात बसत नाही.

१९ मार्च, बुधवार

आज जे झालं ते लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

नामंजूर झालेल्यांपैकी एक व्हायोलिनवाले परत आले. पन्नाशीचे, कोट झिजलेला पण घासून स्वच्छ. मी नियम सांगणार तेवढ्यात म्हणाले की ते तक्रार करायला आलेले नाहीत. माझ्या नकारानंतर त्यांना रस्त्याच्या कामावर घेतलं होतं, खडी फोडायला. कामाबद्दल कुरकूर नव्हती. त्यांना फक्त हातमोजे हवे होते. मुकादमाने मोजे द्यायला नकार दिला, कारण नियमात खडी फोडणाऱ्याला मोजे नाहीत.

“डाव्या हाताला तरी द्या,” ते म्हणाले. “एका हाताचा चालेल.”

मी हात दाखवायला सांगितलं. तळव्यावरचे फोड फुटले होते, बोटांची टोकं चिरली होती. मी नियमावली उघडली. मोजे खरंच नव्हते. तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, “ठीक आहे, विचारून पाहावं म्हटलं,” म्हणाले आणि गेले.

जेवण गेलं नाही. मी नियमाप्रमाणेच वागलो.

२० मार्च, गुरुवार

सकाळी लवकर कचेरीत जाऊन कायदा पहिल्या पानापासून वाचला. कलम एकवीस: कामगाराची अवजारं सुस्थितीत राखणं ही काम देणाऱ्याची जबाबदारी. व्हायोलिनवाल्याचं अवजार कोणतं? व्हायोलिन, हे उघड आहे. पण बोटांवाचून व्हायोलिन म्हणजे लाकडाची पेटी. म्हणजे बोटंही अवजारच. म्हणजे त्यांना खडी फोडायला लावून सरकारच कायदा मोडत होतं, आणि तेही माझ्या सहीने.

चोवीस वर्षांत माझ्या हातून नियमभंग झालेला नव्हता. अठ्ठावन्नही फायली काढल्या, प्रत्येकीवर कलमाचा आकडा घालून मंजूर केल्या. संध्याकाळपर्यंत मनगट दुखायला लागलं. स्वतः रस्त्याच्या कामावर गेलो आणि मुकादमाला हुकूम दाखवून व्हायोलिनवाल्यांना बाहेर काढलं. ते बराच वेळ कागद वाचत होते. मग घडी घालून तो आतल्या खिशात ठेवला.

२४ मार्च, सोमवार

उपसचिवांना प्रगती सांगितली. त्यांना आनंद होईल वाटलं होतं. ते एक पेला पाणी प्यायले, मग दुसरा. “सगळे मंजूर केले? कोणी सांगितलं?” मी म्हटलं, आपणच म्हणालात, चुकीचा अर्ज पुढे जाता कामा नये, आणि चुकीचा असा एकही नव्हता.

त्यांनी समितीची अट वाचून दाखवली: तीन महिन्यांत किमान एक हजार नागरिकांना एकाच कार्यक्रमाचा लाभ झाला पाहिजे, नाहीतर शाखा बंद. पुढच्या अडचणीही त्यांनीच आपण होऊन सांगितल्या. नाटकगृहांना कर्जापायी टाळं लागलं आहे. नगरभवनात धान्यवाटप चालतं. उघड्या मैदानावर जमावबंदी आहे. “कुठे वाजवणार तुम्ही?” असं विचारून ते खुर्चीत मागे रेलले.

वरिष्ठ असावा तर असा. मी तिन्ही अडचणी नीट टिपून घेतल्या.

२ एप्रिल, बुधवार

शहरातली सरकारी छपरं एकेक आठवून पाहिली. नाटकगृह नसलेलं, धान्य नसलेलं, मैदान नसलेलं, आणि हजार माणसं मावतील असं. आज दुपारी एकदम आठवलं आणि जिन्याला डोकं आपटलं. वरच्या वस्तीजवळची पाण्याची टाकी.

जमिनीखाली बांधलेली, दगडी खांबांची, वर छप्पर. तिचं मोजमाप मीच घेतलं होतं. मंदी आली तेव्हा काम आठ आणे झालं होतं. जलवाहिन्या टाकायच्या राहिल्या आणि टाकी तशीच कोरडी पडली. गाड्या आत न्यायला एका बाजूची भिंत उघडी ठेवली होती, ती अजून उघडी आहे. खांबांची जागा वगळूनही दोन हजार माणसं उभी राहतील.

७ एप्रिल, सोमवार

टाकीची परवानगी कोणाकडे मागायची ते पाहिलं. माझ्या जुन्या जागेवर अजून कोणी आलेलं नाही, म्हणून टाकीचा ताबा माझ्याच नावावर आहे. तेव्हा शाखाप्रमुख या नात्याने मी मोजमाप कारकुनाला पत्र लिहिलं. त्याच दिवशी उत्तर देणं घाईचं दिसलं असतं, म्हणून दोन दिवस थांबून मोजमाप कारकून या नात्याने संमती दिली. दोन्ही पत्रांची नोंद आवक-जावक वहीत आहे.

हिला सांगितलं तर ही हसता हसता खाली बसली. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही, पण बऱ्याच दिवसांनी हसली.

१५ एप्रिल, मंगळवार

पहिली तालीम, आणि पुरता बट्ट्याबोळ. चौदा वाद्यं एकत्र सुरू झाली आणि आवाज खांबांवर आपटून असा माघारी आला की डोकं भणभणलं. एक सूर संपायच्या आत दहा सूर त्याच्यावर चढून बसत होते. गाण्याच्या बाई, शाळांमधून संगीत काढून टाकल्यावर नोकरी गेलेल्या, रांगेतल्या माणसांचं एक समूहगान बसवणार आहेत. त्यांनी कानांवर हात ठेवले. व्हायोलिनवाले बाहेर जाऊन दगडावर बसले. आपण मूर्खपणा केला, असं मलाही वाटायला लागलं.

माझा डबा घरी राहिला होता तो घेऊन मेव्हणा आला. त्याने डबा माझ्या हातात दिला, टाकीच्या मधोमध गेला आणि एक टाळी वाजवली. मान वाकडी करून ऐकत राहिला. चार पावलं सरकून पुन्हा टाळी. असं पाच-सहा वेळा केलं. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, “भिंती नागड्या आहेत, भाऊजी. माग चालायचे तेव्हा आम्ही छताला गोणपाट टांगायचो. नाहीतर बहिरे झालो असतो.”

एवढं लांब तो आमच्या घरी आल्यापासून बोलला नव्हता. मी डबा तसाच हातात धरून उभा होतो.

२४ एप्रिल, गुरुवार

टाकीच्या कोठारात सिमेंटची रिकामी पोती हजारोंनी पडून होती. निरुपयोगी सामान दुसऱ्या शाखेला वापरायला देता येतं (पुन्हा दोन पत्रं). रांगेतल्या बायका पोती झटकून, धुऊन, जोडून शिवताहेत. त्यांची पुढारीण वरच्या वस्तीतली एक शिंपीण आहे; सदैव हातात बादली, म्हणून सगळे तिला बादलीवालीच म्हणतात. त्या वस्तीत नळ नाही. रांगेतून परतताना ती खालच्या हौदावरून पाणी भरून नेते. कुठलं पोतं कुठे टांगायचं हे मेव्हणा टाळ्या वाजवून ठरवतो. सकाळी माझ्याआधी घरातून निघतो. जेवतोही.

व्हायोलिनवाल्यांनी नवी रचना लिहायला घेतली आहे, याच टाकीसाठी. म्हणतात, उरलेला घुमारा शत्रू मानायचा नाही, त्याला जोडीदार करून घ्यायचं. गाण्याच्या बाईंनी आमच्या अर्जांचा चौथा रकाना उतरवून मागितला. त्यात अर्जदाराचा मूळ व्यवसाय असतो, समूहगानासाठी अर्ज केलेल्या रांगेतल्या माणसांचाही. कशाला ते बोलल्या नाहीत. माहिती गोपनीय नसल्यामुळे दिली.

हिचा घसा बसलाय. दुपारी घरी नसते, विचारलं तर बाजार म्हणते. मिठाच्या गुळण्या करायला सांगितल्या.

६ मे, मंगळवार

आज वर्तमानपत्रात एक पत्र छापून आलंय. ‘भुकेल्याच्या हातात सरकार व्हायोलिन देणार काय?’ खाली सही, ‘एक करदाता’. दिवसभर ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. खरं सांगायचं तर माझ्यापाशी त्याला उत्तर नाही. माणसांना आधी अन्न हवं, काम हवं. मीही हेच म्हटलं असतं, फेब्रुवारीत म्हटलंही असेल.

घरी जाण्याऐवजी रोजगार कचेरीच्या रांगेपाशी गेलो. बादलीवाली उभी होती. तिला पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, तुझं काय म्हणणं.

“इथे आम्ही सकाळपासून पुढच्याची पाठ बघत उभ्या असतो,” ती म्हणाली. “तालमीला गेलं की तोंडं दिसतात.”

हे करदात्याला उत्तर होतं की नाही कोण जाणे. मला पुरलं.

१७ मे, शनिवार

उपसचिवांचा लेखी हुकूम: टाकी सुरक्षित असल्याचा मुख्य अभियंत्यांचा दाखला आणा, नाहीतर कार्यक्रम रद्द. साहेब किती बारीक विचार करतात. माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं.

मुख्य अभियंते स्वतः आले. माझं जुनं मोजणीपुस्तक समोर ठेवलं, त्यांनी नऊ खांब ताडून पाहिले, सुताचाही फरक नाही. निघताना पोत्यांखाली उभे राहून तालीम ऐकली. पाच मिनिटांसाठी थांबले ते दीड तास. सही करताना म्हणाले, “ही टाकी माझीच. अर्धवट राहिली म्हणून मी इकडे फिरकत नव्हतो.”

३१ मे, शनिवार

क्रमाने लिहितो.

कार्यक्रम दुपारी दोनला होता, कारण छपराच्या झरोक्यांतून तेव्हा उजेड सरळ खाली येतो. बारापासून लोक यायला लागले. भिंतीच्या उघड्या भागाशी मेव्हणा आणि मी दोघं मोजायला उभे, वेगवेगळं, म्हणजे ताळा जुळेल. एक वाजता हजार ओलांडले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. दोघंही काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर आकडा चुकला असता. शेवटी त्याचे दोन हजार तीनशे सात झाले, माझे दोन हजार तीनशे सहा. मी स्वतःला मोजलं नव्हतं.

समिती आली, उपसचिव आले, आणि कोणालाच अपेक्षा नसताना रोजगारमंत्री आले. मुख्य अभियंत्यांनी परस्पर बोलावलं होतं म्हणे.

व्हायोलिनवाल्यांनी एकच सूर वाजवला आणि गज उचलला. सूर खांबांमधून फिरून परत आला. तो परत आल्यावरच त्यांनी दुसरा सूर त्याच्यात मिसळला. मग बासरी आली, मग बाकीची वाद्यं. मला त्यातलं काही कळत नाही हे मी आधीच लिहून ठेवलं आहे. पण कित्येक मिनिटं मी श्वास जपून घेत होतो, आवाज होऊ नये म्हणून.

मग एकशे चाळीस जणांचा समूह उभा राहिला. त्यांनी गायला सुरुवात केली आणि शब्द माझे होते. म्हणजे चौथ्या रकान्यातले. “विणकर. गवंडी. छापखान्यात खिळे जुळवणारा. दाई. बॉयलरवाला. शिंपीण.” एकेक शब्द एकेका गळ्यातून निघत होता आणि मग सगळे मिळून तो उचलून धरत होते. माझ्या अक्षरातले ते शब्द मी शंभरदा वाचले होते. ते असे उभे राहतील असं वाटलं नव्हतं. थोड्या वेळाने गर्दीतून कोणीतरी ओरडला, “कासार!” समूहाने तोही शब्द घेतला. मग अगदी जवळून, “मागवाला,” आणि हा आवाज ओळखीचा होता. माझ्या शेजारीच मेव्हणा मान ताठ करून उभा होता. नंतर शब्द सगळीकडून यायला लागले. समूह एकही खाली पडू देत नव्हता.

तेव्हाच तिसऱ्या ओळीत डावीकडून चौथी बाई मला दिसली. ती ही होती. माझी बायको. तोंड उघडून, डोळे मिटून गात होती. लग्नाला एकवीस वर्षं झाली, ही गाते हे मला माहीत नव्हतं. तिचं नाव पगारपटावर नाही, तेव्हा नियमभंगही नाही. पण तो विचार मला उशिरा सुचला. आधी रडू आलं.

मंत्र्यांनी मला बोलायला सांगितलं. भाषणाची सवय नाही, म्हणून खरं तेच सांगितलं. ही सगळी कल्पना उपसचिवसाहेबांची. मला गाण्यातलं कळत नाही हे ठाऊक असूनही त्यांनी माझ्यावर भार टाकला, सगळ्या अडचणी वेळेआधी दाखवल्या, आणि अभियंत्यांचा दाखला मागून माणसांच्या जिवाची काळजी घेतली. ‘साहेबांचा विश्वास नसता तर आज आपण इथे नसतो,’ असं म्हणालो, आणि पोती असूनही ‘विश्वास’ हा शब्द टाकीत दोनदा घुमला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मंत्र्यांनी साहेबांचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. साहेबांचा चेहरा लाल झाला होता. इतका मोठा माणूस, पण स्तुतीने किती लाजला.

लोक निघणार तोच बादलीवाली मंत्र्यांपुढे येऊन उभी राहिली. शांतपणेच बोलली, पण पोत्यांनी आवाज असा स्वच्छ केला होता की शेवटच्या माणसाला ऐकू गेलं.

“साहेब, गाणं छान झालं. पण ही पाण्याची टाकी ना? मग आपण सगळे हिच्यात कोरडे कसे उभे आहोत?”

दोन हजार तीनशे सात माणसं उत्तराची वाट बघत थांबली. मंत्र्यांनी वर पाहिलं, खांब पाहिले, अभियंत्यांकडे पाहिलं. म्हणाले, “हे मला आजवर कोणी दाखवलं नव्हतं.”

२ जून, सोमवार

समितीचा अहवाल आला. शाखा कायम. उपसचिवांना तिचे मुख्य सल्लागार नेमलंय, मंत्र्यांनी खास आग्रहाने. अभिनंदन करायला गेलो तर ते खिडकीतून बाहेर बघत होते. वळून म्हणाले, “तुम्ही खरंच तसे आहात की…” आणि वाक्य अर्धवट सोडलं. मग म्हणाले, “जिन्याखालची खोली सोडा. वरच्या मजल्यावर या. आणि खुर्च्या किती लागतील ते कळवा.”

हिला हे सांगितलं. म्हणाली, “तुम्ही असेच राहा.” म्हणजे कसा, ते तिने सांगितलं नाही.

१४ जुलै, सोमवार

टाकीचं काम पुरं करायची मंजुरी मिळाली. तीनशे माणसं कामावर लागली, त्यात मेव्हणा पंपावर. गंमत अशी की टाकी पुरी होणार म्हणजे आमची जागा जाणार. मला धास्ती होती व्हायोलिनवाले नाराज होतील याची. त्यांनीच आपल्या हातांनी पहिलं पोतं उतरवलं. अशी जागा पुन्हा मिळणार नाही, असं ते म्हणाले, पण दुःखाने नव्हे. त्यांची बोटं आता बरी आहेत.

जुन्या खात्यातून विचारणा आली: मोजमाप कारकुनाची जागा भरायची आहे, परत येता का? वरच्या श्रेणीवर. मी टाकीचा ताबा रीतसर दुसऱ्याच्या नावावर करून दिला आणि ‘नको’ असं एका ओळीत कळवलं. कारण विचारलं नव्हतं, म्हणून दिलं नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

आज वरच्या वस्तीत पाणी आलं.

मंत्री दहाला येणार होते. साडेनऊलाच बायकांनी नळाभोवती गर्दी केली. पंपावरून मेव्हण्याचा निरोप आला की झडप उघडलीय. नळ आधी खोकला, मग गढूळ थुंकला, मग एकदम धार लागली आणि स्वच्छ झाली. मंत्र्यांसाठी कोणी थांबलं नाही. बादली भरली, सांडली, पोरं भिजली, म्हाताऱ्या भिजल्या, मीही बुटांसकट भिजलो. गाण्याच्या बाईंनी सुरुवात करून दिली नव्हती, तरी कोणीतरी सूर धरला आणि बाकीच्यांनी उचलला. ही माझ्या शेजारी उभी राहून गात होती, या वेळी डोळे उघडे ठेवून.

बादलीवालीने भरलेली बादली खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून मला विचारलं, “टाकी तर भरली. आता पुढचं गाणं कुठे?”

मी म्हटलं, त्यासाठी अर्ज करावा लागेल.

“कोणाकडे?”

“माझ्याकडे,” मी म्हणालो, आणि ओल्या खिशातून नमुन्यांचा गठ्ठा बाहेर काढला. तिथेच, नळावर, एक्केचाळीस अर्ज आले. कागद भिजून शाई फुटली आहे, तरी सगळे वाचता येतात. सगळे मंजूर केले.